आमची बिनछपराची गाडी

‘हौस’ हा शब्द कष्टकरी घरात जपूनच उच्चारला जातो. किराणा, मुलांची फी, घराचा हप्ता, दवाखाना हे सगळे भागून चार पैसे उरले, तर हौस! तरीही वाचक बंधू-भगिनींनो, आज एका हौसेबद्दलच लिहीत आहे. ती म्हणजे छप्पर काढता येणारी, चारही चाकांनी ओढणारी छोटी जिप्सी.

मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली. मूळ घडण जपानच्या सुझुकी कंपनीची. सुरुवातीला तिला ९७० सीसीचे इंजिन होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली. लष्कराने आणि पोलीस खात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. पण ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या जिप्सी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

आमचे गाव चिमूरकडचे. लहानपणी गावात जीप आली की ती साहेबांचीच असायची. आम्ही पोरे तिच्यामागे धुळीत धावायचो. मागच्या पाट्याला हात लागला तरी दिवस सार्थकी लागायचा. आत बसायला मिळेल, असे मनातही येत नसे.

सात वर्षांपूर्वी थोरले बंधू, मेहुणे आणि मी अशा तिघांनी मिळून एक जुनी जिप्सी किंग घेतली. बंधू गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत, म्हणून हिंमत झाली. कर्ज मात्र काढले नाही. गाडी दारात आली तेव्हा आई म्हणाली, “एवढे पैसे दिले आणि वर छप्परच नाही?” सगळे हसले. मला मात्र आतून वाटले, आई चुकीचे बोलत नाही.

या गाडीचे सुख कशात आहे? वेगात नक्कीच नाही. साठच्या पुढे गेले की कापड फडफडते आणि बोललेले ऐकू येत नाही. सुख आहे ते हळू जाण्यात. नागपूरहून पहाटे निघावे. उमरेड मागे पडले की बाजूला गाडी थांबवावी, पट्टे सोडावेत, रेक्झिनचे छप्पर गुंडाळून ठेवावे. मग वर नुसते आभाळ! ओल्या मातीचा वास, मोहाच्या दिवसांत मोहाचा वास. मागची बाके समोरासमोर असल्याने मुले, आत्या, मावशी एकमेकांकडे पाहून बोलतात. बंद गाडीत प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. इथे तो वाऱ्याने उडेल या भीतीने खिशातच राहतो!

आईचे गुडघे दुखतात. घरापासून शेतापर्यंतची पांदण म्हणजे काळी चिकट माती. पावसाळ्यात तिथे ऑटो जात नाही, बैलगाडीचे हिसके आईला सोसत नाहीत. तीन वर्षे तिने शेत पाहिले नव्हते. त्या श्रावणात बंधूंनी मोठ्या गिअरच्या बाजूची छोटी दांडी ओढली, पुढची चाकेही जोर लावू लागली आणि गाडी मुंगीच्या चालीने पांदण पार करून गेली. धुऱ्याजवळ आई उतरली. पराटी किती वाढली ते पाहिले, एका ओळीत तण राहिले म्हणून धाकट्या भावाला बोल लावले. परत पुढच्या सीटवर बसताना म्हणाली, “छप्पर राहू दे तसेच. बाहेर बसल्यासारखे वाटते.”

मी पडलो कॉमर्सचा माणूस. जमेची बाजू सांगितली, आता खर्चाचीही सांगतो. आमची गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटर जाते. पाट्याच्या स्प्रिंगा असल्याने पाठ हादरते. पावसात कापडाच्या फटीतून पाणी येते, त्यामुळे तळाचा पत्रा गंजतो. आमचा एक पत्रा बदलावा लागला. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी उघडी गाडी म्हणजे तवाच!

घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी गाडीखाली वाकून चॅसी तपासावी. वरच्या रंगाला भुलू नये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. लष्करी हिरवा रंग खाजगी गाडीला देता येत नाही. तो कायद्याने संरक्षण दलासाठी राखून ठेवला आहे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे चालत्या गाडीत मुलांना उभे राहू देऊ नये, मिरवणुकीतसुद्धा नाही. वर छप्पर नाही म्हणजे डोक्याला आधार नाही.

कर्ज काढून, मुलांचे शिक्षण थांबवून असली गाडी कुणीही घेऊ नये. पण तीन घरांनी मिळून, हिशेब ठेवून घेतली तर ती उधळपट्टी नाही. आम्ही पेट्रोलची वही ठेवतो. ज्याने जेवढी वापरली, त्याने तेवढे भरायचे. सात वर्षांत एकदाही भांडण झाले नाही.

गावात शिरताना आजही पोरे गाडीमागे धावतात. आम्ही गाडी थांबवतो आणि त्यांना आत घेतो. मंदिरापासून शाळेपर्यंत एक फेरी, सगळ्यांनी खाली बसून. त्या फेरीच्या पेट्रोलचा हिशेब मात्र आम्ही वहीत लिहीत नाही.