विद्यापीठाच्या ग्रंथालयात पानिपतचा शोध

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाचा विषय निघाला, की सुशिक्षित मराठी घरात पक्ष पडावयास वेळ लागत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचे खापर एक जण सदाशिवरावभाऊंच्या माथी फोडतो, दुसरा उत्तरेतील सरदारांस बोल लावतो आणि तिसरा छावणीतील उपासमारीकडे बोट दाखवितो. वाद रंगतो, चहा निवून जातो. परंतु तिघांचीही शिदोरी बहुधा शाळेतील एक धडा आणि एखादी कादंबरी एवढीच असते. ज्या पुरुषाला स्वतःच्या बचावार्थ आता एक अक्षरही उच्चारता येत नाही, त्याच्याविषयी निवाडा देण्यापूर्वी कागदपत्र पाहावे, हा साधा न्याय होय. ते कागदपत्र फार दूर नाहीत. त्यांतील पुष्कळसे छापून विद्यापीठांच्या ग्रंथालयांत येऊन पडले आहेत. उणीव आहे ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट ठाऊक असण्याची.

पहिली अडचण संकोचाची. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील ग्रंथालय बाहेरून पाहिले, तर ही वास्तू केवळ विद्वानांसाठीच असावी असे वाटते. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. १८७८ साली हे काम पुरे झाले. मनोरा साऱ्या शहराच्या ओळखीचा झाला, पण त्याच्या पायथ्याशी पुस्तके आहेत याचा अनेकांस विसर पडला. वस्तुतः बाहेरच्या अभ्यासूला अनुमतीने बसून वाचू देण्याची रीत अनेक विद्यापीठांत आहे. घरी पुस्तक नेण्याचा अधिकार मात्र सामान्यतः सभासदाचा. त्यासाठी वर्गणी किंवा अनामत रक्कम भरावी लागते. नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असल्यामुळे प्रथम चौकशी करावी, ओळखीचा कागद जवळ ठेवावा आणि पुस्तक नेमके कोणत्या इमारतीत आहे हेही विचारून घ्यावे. मुंबई विद्यापीठाचेच एक ग्रंथालय फोर्टात, तर दुसरे कालिना येथे आहे. न विचारता निघालेल्या माणसाची एक फेरी व्यर्थ जावयाची.

दुसरी पायरी सूचीची. पूर्वी लाकडी खणांतून ओवलेली कार्डे चाळावी लागत. आता बहुतेक ठिकाणी हेच काम संगणकावर होते. ग्रंथाचे नाव, ग्रंथकाराचे नाव आणि विषय अशा तिन्ही अंगांनी शोध घेता येतो. नवखा वाचक ‘पानिपत’ एवढाच शब्द घालतो आणि त्याच्यासमोर विश्वास पाटील यांची १९८८ ची कादंबरी येते; त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ग्रंथही येतो. हा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत प्रसिद्ध झाला. एवढ्यावर वाचक समाधानाने उठतो, आणि तेथेच त्याची फसगत होते.

कारण पानिपतविषयी अत्यंत महत्त्वाच्या ग्रंथांपैकी काहींच्या मुखपृष्ठावर ‘पानिपत’ हा शब्दच नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध झाले. जदुनाथ सरकार यांनी या युद्धाचे विवेचन मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात केले. ग्रँट डफ याचा १८२६ चा इतिहास तर साऱ्या मराठेशाहीचा. म्हणून केवळ नावावर विसंबू नये. विषयाने शोध घ्यावा आणि हाती आलेल्या एका चांगल्या ग्रंथाच्या तळटिपा वाचाव्या. एक प्रामाणिक ग्रंथकार दुसऱ्या दहा जणांचे पत्ते देऊन ठेवतो.

इंग्रजी ग्रंथ शोधताना जुन्या वर्णलेखनाचेही भान हवे. ग्रँट डफने ‘मराठा’ हा शब्द मध्ये ‘एच’ घालून आणि दोन ‘टी’ देऊन लिहिला आहे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या युद्धाचा वृत्तान्त फारसीत लिहिला. त्याच्या इंग्रजी भाषांतरावर त्याचे नाव ‘के’ ऐवजी ‘सी’ या अक्षराने आरंभ होते. आजच्या वळणाने अक्षरे घालणाऱ्यास ‘ग्रंथ नाही’ असे उत्तर मिळते, आणि ग्रंथ मात्र चार हातांवर उभा असतो.

सूचीतून हाती येतो तो क्रमांक. मेल्विल ड्युई याने १८७६ साली मांडलेल्या दशांश पद्धतीत ९०० हा वर्ग इतिहास-भूगोलाचा आणि ९५४ हा अंक भारताच्या इतिहासाचा. दशांश चिन्हापुढील अंकांनी काळ अथवा प्रांत कळतो. ते अंक अपूर्णांकाप्रमाणे वाचावे: ९५४.०२५ हा मोगल काळ फळीवर ९५४.०३ या इंग्रजी अमदानीच्या आधी येतो. पंचवीस हे तिनाहून मोठे म्हणून पुढे जात नाहीत. कादंबरी मात्र या फळीवर सापडणार नाही. मराठी साहित्याचे घर ८९१.४६ येथे आहे. जेथे रंगनाथन यांची १९३३ ची द्विबिंदू पद्धती चालते, तेथे इतिहासाची खूण ‘व्ही’ हे रोमन अक्षर होय. फळी गाठल्यावर हव्या त्या पुस्तकाच्या उजव्या-डाव्या बाजूची पुस्तकेही उघडून पाहावी; शेजाऱ्याकडून पुष्कळदा अनपेक्षित माहिती मिळते. जेथे वाचकाला फळीपर्यंत प्रवेश नसतो, तेथे चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यावा. त्यातील एक अंक चुकला, तरी सेवक रिकाम्या हाताने परततो.

मागितलेले प्रत्येक पुस्तक घरी मिळेलच असे नाही. संदर्भग्रंथ, जीर्ण आणि दुर्मिळ प्रती तेथेच बसून वाचावयाच्या असतात. वही-पेन्सिल घेऊन गेलेला वाचक त्यांतूनही पुष्कळ काही घेऊन परततो. पुस्तक दुसऱ्याकडे गेले असेल तर आपले नाव नोंदवून ठेवता येते; ग्रंथालयात नसलेच, तर अन्य ग्रंथालयाकडून मागविण्याची सोय आहे काय, हे ग्रंथपालांस विचारावे. पाहिलेला ग्रंथ स्वतःच्या हाताने फळीवर परत ठेवण्याची घाई करू नये. तो मेजावरच राहू द्यावा. चुकीच्या जागी ठेवलेला ग्रंथ चोरीस गेलेल्या ग्रंथाइतकाच नाहीसा होतो. सूची सांगते ‘आहे’, आणि फळी सांगते ‘नाही’.

घरी नेलेले पुस्तक मुदतीत परत करणे हा केवळ दंड टाळण्याचा प्रश्न नव्हे. समजा, एका घरी राजवाड्यांचा खंड महिनोन्‌महिने पडून राहिला. तेवढ्या काळात ग्रंथालयात ग्रँट डफ वाचणाऱ्या दुसऱ्या वाचकाला मूळ मराठी पत्रे पाहावयास मिळाली नाहीत, आणि त्याचे मत एकाच साक्षीवर बनले. तो अन्याय करणारा ग्रँट डफ नव्हे आणि तो वाचकही नव्हे. कपाटावर पुस्तक विसरणारा गृहस्थच त्याचा धनी.

पुढच्या खेपेस पानिपतचा वाद निघेल, तेव्हा घरातील एकाने तरी दोन परस्परविरोधी साक्षी वाचून आलेले असावे. त्यामुळे वाद मिटेलच असे नाही; परंतु सदाशिवरावभाऊंना शिक्षा ठोठावण्यापूर्वी त्यांची बाजू ऐकून घेतली, एवढे समाधान त्या घराला खचित लाभेल.