विश्लेषण : जव्हारहून दिल्लीचे विमान मुंबईतून पकडावे की नाशिकहून?

जव्हार-मोखाड्यात विमानतळ नाही. नोकरीच्या मुलाखतीसाठी किंवा प्रवेशासाठी दिल्ली गाठायची असेल, तर मुंबई किंवा नाशिकजवळचे ओझर गाठावे लागते. तिकिटावर प्रवास दोन-सव्वादोन तासांचा दिसतो, पण घरातून किती वाजता निघायचे हे त्यावरून कळत नाही. तो हिशेब कसा मांडायचा?

हवाई अंतर कसे काढतात?

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातील सर्वांत जवळची वाट मोजतात. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो याच वाटेवर बसतो. या पद्धतीने मुंबई-दिल्ली अंतर सुमारे १,१४० किमी, तर ओझर-दिल्ली सुमारे ९९० किमी भरते. जव्हारपासून सरळ रेषेत ओझर सुमारे ७५ किमी, तर मुंबई विमानतळ सुमारे १०० किमी आहे. रस्त्याने मात्र दोन्ही अंतरे बरीच वाढतात.

वेळ कशी ठरते?

प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी ८०० ते ८५० किमी वेगाने जाते. अंतराला ८०० ने भागावे आणि धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. मुंबई-दिल्लीसाठी हे उत्तर दोन तासांच्या आसपास येते. गर्दीमुळे आकाशात थांबावे लागेल हे धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी जादा वेळ ठेवतात. वाराही फरक पाडतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळे कोलकात्याला जाताना कमी आणि मुंबईला परतताना जास्त वेळ लागतो.

घरातून किती वाजता निघायचे?

हिशेब उलटा करावा. समजा, विमान दुपारी दोनचे आहे. विमानतळावर दोन तास आधी, म्हणजे बाराला पोहोचायचे. मुंबईच्या रस्त्याला चार तास आणि कोंडीसाठी एक तास धरला, तर जव्हार सकाळी सातला सोडावे लागेल. ओझरसाठी तीन तास आणि तोरंगण घाटासाठी एक तास राखीव धरला, तर आठला निघून चालेल. पावसाळ्यात घाटात दरड किंवा धुके असेल, तर आणखी वेळ हाताशी ठेवावा.

मग नाशिकच बरे का?

तासभर वाचतो हे खरे. मात्र, नाशिकहून विमाने मोजकी आहेत. मुंबईत एक विमान चुकले, तर त्याच दिवशी दिल्लीचे दुसरे मिळू शकते, भले नव्या तिकिटाचा भुर्दंड पडेल. नाशिकहून चुकले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागू शकते आणि तोवर मुलाखतीची वेळ टळलेली असते. म्हणून ओझर निवडल्यास राखीव तास कमी करू नये. मुलाखत सकाळची असेल, तर आदल्या दिवशीचेच विमान धरावे.