कालनिर्णयावरचे एकवीस दिवस

आईची पहिली केमो झाली त्या संध्याकाळी वहिनीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाचा खाडा लिहितो तिथेच, लाल पेनाने १ लिहिला. दुसऱ्या दिवशी २. असं २१ पर्यंत, की पुन्हा १. त्याच पानावर एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार छापलेले होते. घरात गंभीर कॅन्सर आणि श्रद्धा दोन्ही असतील, तर त्यांची सांगड घालायला याहून सोयीचा कागद मला अजून सापडलेला नाही.

आईला अंडाशयाचा कर्करोग होता. कळला तेव्हा तो पोटाच्या आवरणावर पसरला होता आणि पोटात पाणी साठलं होतं. अशा वेळी बऱ्याचदा आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया आणि नंतर आणखी तीन केमो असा क्रम ठरतो. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधं सलाईनमधून दर २१ दिवसांनी देतात. ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडांच्या मज्जेतल्या, तोंडाच्या आतल्या आणि केसांच्या मुळांशी असलेल्याही तशाच. मज्जेला सावरायला वेळ हवा म्हणून तीन आठवड्यांचं अंतर.

या तीन आठवड्यांत प्रत्येकाची तऱ्हा थोडी वेगळी असते, तरी साधारण चाल अशी. पहिले दोन दिवस माणूस बरा वाटतो, कारण मळमळ आणि ॲलर्जी टाळायला दिलेल्या औषधांचा तो जोर असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, सांधे दुखतात. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास काउंट पडतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि एरवी अंगावर निघून जाणारा जंतूही जिवावर बेतू शकतो. तिसऱ्या आठवड्यात माणूस पुन्हा माणसात येतो. आई या दिवसांत पोळ्या लाटायला उठायची आणि आमची बोलणी खायची.

सगळा प्रश्न मधल्या आठवड्याचा. एकादशी दर पंधरवड्याला येते. म्हणजे २१ दिवसांच्या प्रत्येक फेरीत निदान एक येणारच आणि ती कुठल्या आकड्यावर येते ते पंचांग ठरवतं. आईची दुसरी केमो झाल्यावर ती नवव्या दिवशी आली. आईने चाळीस वर्षं एकादशी मोडली नव्हती. तिला उपास करू नकोस म्हणून दरडावण्यात अर्थ नव्हता. साबुदाण्यात पिष्ट सोडून फारसं काही नसतं आणि ज्या शरीराला नवीन पेशी घडवायच्या आहेत त्याला डाळ, अंडं, पनीर हवं, हे सगळं तिला कळत होतं. पण तिच्या दृष्टीने प्रश्न कॅलरींचा नव्हता, शब्द मोडण्याचा होता. वाट शेवटी धर्मशास्त्रातच निघाली. आजाऱ्याला व्रतातून सूट आहेच, शिवाय प्रतिनिधीकरवी व्रत चालवायची मुभाही आहे. दादाने एकादशी धरली. आईने दुपारी मऊ खिचडी खाल्ली, वर दादाचा चेहरा उतरलाय म्हणून हसली. केमोच्या त्या महिन्यांत दादाचं वजन आईपेक्षा जास्त घटलं असावं.

प्रसादाचंही तसंच. काउंट पडलेल्या दिवसांत न तापवलेल्या दुधाचं पंचामृत, देवळातलं तीर्थ, आधीच चिरून ठेवलेली फळं नकोत. घरी केलेला गरम शिरा चालतो. अंगारा कपाळाला लावावा, जिभेवर ठेवू नये. मामा कार्तिकीला पंढरपूरला गेला, आईच्या नावाने दर्शन घेतलं आणि बुक्का आणला. तो कपाळाला लागला, आईचे डोळे भरून आले, काउंटला काही झालं नाही. स्वतः देवळात जायचं असेल तर तिसरा आठवडा आणि गर्दी नसलेली वेळ. सिद्धिविनायकाला मंगळवारीच गेलं पाहिजे असं गणपतीने कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड नाही. थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट दाखवत असेल तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही. डॉक्टरांना फोन आणि लगेच हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आरती अर्धी राहिली तर राहू द्यावी.

श्रद्धेपेक्षा घात होतो तो लपवण्याने. उपास लपवला जातो, काढा लपवला जातो, आजारसुद्धा लपवला जातो. आत्याने कुणा वैदूकडून आणलेली भुकटी आईला आठ दिवस मधातून दिली. चांगल्या मनानेच दिली. पॅक्लिटॅक्सेलचं विघटन यकृतात होतं. पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले आणि ते औषधाने चढले, आजाराने की त्या भुकटीने, हे डॉक्टरांना ठरवता येईना. केमो आठवडाभर पुढे गेली. तेव्हापासून नियम केला की जे पोटात जाणार, ते आधी पुडीसकट डॉक्टरांच्या टेबलावर. ते 'नको' म्हणाले तर आत्याला मी सांगेन, असं वहिनीने अंगावर घेतलं. ते काम सोपं नव्हतं.

आजार लपवणं त्याहून अवघड. 'तिला सांगू नका, ती खचेल,' हे प्रत्येक ओपीडीच्या दाराशी ऐकू येतं. पण ज्या इमारतीत शिरताना पाटीवर कॅन्सर लिहिलेलं असतं, तिथे पेशंटपासून काय लपणार? आईने एक दिवस मला विचारलं, "मला सांगायचं नाही असं ठरलंय का तुमचं?" मग तिला ती विचारेल तेवढंच, पण खरं सांगायचं ठरलं. त्यानंतर तिने दोन कामं हातावेगळी केली. बँकेत नॉमिनीची नावं तपासली आणि पाटल्या कुणाला ते सांगितलं. अंधारात ठेवलेल्या माणसाला हे कसं जमावं?

नवसाबद्दल माझं मत जरा कडक आहे. नवस धडधाकट माणसाने बोलावा आणि त्यानेच फेडावा. अनवाणी चालेन, सात दिवस जमिनीवर झोपून पारायण करीन, असले संकल्प पेशंटच्या गळ्यात घालू नयेत. तिची सेवा करणाऱ्यांनीही ते जपूनच करावेत, कारण एकभुक्त राहून रात्र जागवणारी सून चौथ्या दिवशी स्वतःच आडवी होते. शिवाय नवस बोलूनही गाठ वाढली की 'माझंच काहीतरी चुकलं' असं पेशंटला वाटू लागतं. आई एकदा म्हणाली, "असं काय पाप केलं होतं मी?" पेशीतल्या जनुकांत बिघाड होतो, त्यात पापपुण्याचा हिशोब नसतो, हे उत्तर बरोबर होतं, पण त्या क्षणी ते कुणी दिलं नाही. मावशी नुसती पाय चेपत बसली.

घरच्यांनी कामं वाटून घ्यावीत. फाईल एकाकडे, डॉक्टरांशी बोलणारा एकच, तापाची वही तिसऱ्याकडे. परदेशातल्या भावाने पैशाची आणि विम्याच्या कागदांची बाजू सांभाळावी, रात्री अकराला इंटरनेटवरचे लेख पाठवू नयेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या माणसाला, पहिल्याच आठवड्यात भेटावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, पण मंजुरी आधी घ्यावी लागते.

गावाहून मुंबईला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न डोकं टेकायचं कुठे हा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे आणि आजही त्याच्या आसपासच्या फुटपाथवर बिऱ्हाडं दिसतात. जवळच दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारलं तर अशा जागांची माहिती मिळते. देव दगडात नाही म्हणत गावं झाडणाऱ्या गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि आज त्यांच्या नावाच्या छपराखाली केमोचे पेशंट झोपतात. श्रद्धेचा याहून उपयोगी प्रकार मला माहीत नाही.

आईचा आजार दीड वर्षाने उलटला. या टप्प्यावर वेदनाशमन म्हणजे हात वर करणं असा समज असतो. तसं नाही. पॅलिएटिव्ह विभागाला उपचार चालू असतानाच भेटलं तर दुखणं, धाप, बद्धकोष्ठ वेळीच आवरतं. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर शांती आवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. ज्या माउंट मेरीला लोक दुखऱ्या अवयवाच्या आकाराची मेणबत्ती वाहतात, ती जवळच. पुण्यात वारज्यालाही असं केंद्र आहे.

आईला घरीच राहायचं होतं. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. सवय लागेल ही भीती सगळ्यांनाच असते, पण कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पोट साफ ठेवणारं औषध पहिल्याच दिवसापासून जोडीला असतं. गोळी दुखल्यावर घ्यायची नसते, घड्याळावर घ्यायची असते, दर चार तासांनी. रात्री दहाची मात्रा डॉक्टरांनी दुप्पट लिहून दिली, म्हणजे दोनला कुणाला उठायला नको.

वेळा पाठ व्हायला आम्हाला दोन दिवस लागले. सकाळी सहाची गोळी बाबांच्या पूजेआधी. दहाची आंघोळीनंतर. दुपारी दोनची वहिनी जेवून उठली की. संध्याकाळी सहाची दिवेलागणीला. वहिनी देवाजवळ निरांजन लावायची, आई पडल्यापडल्या हात जोडायची आणि तोच हात गोळीसाठी पुढे करायची.