तीन काड्या, पण त्रिकोण नाहीं

नेरूळच्या आमच्या घरीं गेल्या पंधरवड्यांत एका त्रिकोणानें बरेंच वादळ उठविलें. नववींत शिकणाऱ्या माझ्या नातीस शिकवणीच्या वर्गांत एक उदाहरण घातलें होतें : त्रिकोणाच्या बाजू 5, 7 आणि 13 सेंटिमीटर, तर त्याची परिमिति किती? सर्वांनीं 25 लिहिलें. हिनें लिहिलें, 'असा त्रिकोण नाहीं.' तिला शून्य गुण मिळाले. घरीं येऊन ती म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळीं मीहि पंचवीसच लिहूं का?"

आतां हा प्रश्न केवळ गणिताचा उरला नव्हता, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

त्रिकोणाच्या कोणत्याहि दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षां मोठी असते, हा युक्लिडाच्या पहिल्या पुस्तकांतील विसावा सिद्धांत. ही गोष्ट गाढवालासुद्धां कळते, तें चाऱ्याकडे सरळच जातें, अशी एपिक्युरसच्या अनुयायांनीं त्याची टर उडविली होती, असें प्रोक्लस या टीकाकारानें नमूद केलें आहे. प्रोक्लसाचें उत्तर मोठें मार्मिक आहे : एखादी गोष्ट खरी आहे असें दिसणें निराळें, आणि ती खरी कां हें सांगतां येणें निराळें. युक्लिडानें तें 'कां' कोनांवरून सांगितलें. मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी असते, हें त्यानें आधींच्याच सिद्धांतांत ठरवून घेतलें होतें.

घरांत अडकित्ता असेल तर तो हातीं घ्यावा. त्याच्या दोन दांड्या या दोन बाजू, आणि त्यांच्या टोकांमधलें अंतर ही तिसरी. कोन उघडत जावा तसतशी तिसरी बाजू वाढत जाते. दांड्या अगदीं एका रेषेंत आल्या, तरच ती दोघींच्या बेरजेइतकी होते. पण तेव्हां त्रिकोण सपाट होऊन नाहींसा झालेला असतो. बेरजेपलीकडे ती जाणें शक्यच नाहीं.

आम्हां नवी मुंबईकरांस याचें उदाहरण दाराशींच आहे. 1973 सालीं ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाल्यावर मुंबईहून उरणच्या बाजूस जाणारा मनुष्य वाशीवरून वळसा घेऊं लागला. शिवडी ते वाशी एक बाजू, वाशी ते चिर्ले दुसरी. 12 जानेवारी 2024 रोजीं उद्घाटन झालेल्या अटल सेतूनें तिसरी बाजू आंखली. सेतूची लांबी सुमारें 21.8 किलोमीटर, पैकीं साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. सेतूहि मधून मधून वळतो, म्हणून ती कांहीं भूमितींतली रेघ नव्हे. शिवाय आरंभीं मोटारीस एका खेपेचे 250 रुपये पडत; त्याचा हिशेब युक्लिडानें केलेला नाहीं!

परंतु नातीचा प्रश्न याहून पुढचा होता. मुळांत नसलेल्या आकृतीविषयीं कोणीं विचारलें तर काय उत्तर द्यावें? यासाठीं मीं तिला भास्कराचार्यांची 'लीलावती' दाखविली. 1150 सालच्या या ग्रंथांत त्रिकोणाचें क्षेत्रफळ शिकविण्यापूर्वींच त्यांनीं बजावून ठेविलें आहे कीं, जेथें एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी सांगितली असेल, तें 'अक्षेत्र' समजावें. उदाहरणादाखल 3, 6 आणि 9 या बाजूंचा त्रिकोण दिला आहे. आणि असा प्रश्न घालणाऱ्यास आचार्यांनीं 'धृष्ट' असें सरळ विशेषण लाविलें आहे! एवढ्यावरहि पटत नसेल, तर तितक्या लांबीच्या सरळ काड्या बाजूंच्या जागीं मांडून दाखवाव्या, असेंहि ते सांगतात. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातवानें, चांगदेवानें, चाळीसगांवाजवळ पाटणें येथें मठ स्थापिला, त्यांचा हा सल्ला मला आमच्या नातीच्या कामीं फार उपयोगी वाटला.

पुस्तक मिटून तिनें स्वतःच आणखी एक ताळा पाहिला. तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याच्या सूत्रांत तिनें 5, 7, 13 घातले, तों वर्गमूळाखालीं ऋण संख्या आली.

'धृष्ट' हा शब्द मात्र वर्गांत उच्चारावयाचा नाहीं, असें मीं तिला बजाविलें. दुसऱ्या दिवशीं केरसुणीच्या तीन काड्या मोजून कापून तिनें दप्तरांत घातल्या. गुण कांहीं वाढले नाहींत. काड्या मात्र बाईंनीं ठेवून घेतल्या.