बरोबरीचा निवाडा

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम वसंतऋतूत सुरू होतो आणि शरदाच्या आरंभापर्यंत चालतो. एवढ्या अवधीत प्रत्येक व्यावसायिक संघाला १६२ सामने खेळावे लागतात. धावा सारख्या झाल्या, तरी सामना अनिर्णित सोडीत नाहीत; एक संघ पुढे जाईपर्यंत जादा डाव खेळवितात. आणि गंमत अशी, की इतका खटाटोप करूनही हंगामाच्या अखेरीस दोन संघांचे विजय कधी कधी अगदी सारखे भरतात. पुढील बाद फेरीत जागा मात्र एकच उरलेली असते. ती कोणाला द्यावयाची?

पूर्वी याचा निकाल मैदानावरच लागत असे. १९५१ साली न्यूयॉर्क जायंट्स व ब्रुकलिन डॉजर्स या एकाच महानगरातील दोन संघांनी प्रत्येकी ९६ सामने जिंकले. तेव्हा त्यांच्यात तीन जादा सामने ठरले. पहिल्या दोहोंत एकेक विजय झाला. तिसऱ्या सामन्यात, अखेरच्या डावात, डॉजर्स ४-२ असे पुढे होते. अशा वेळी जायंट्सच्या बॉबी थॉमसनने चेंडू असा टोलविला, की तो थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. एका फटक्यात तीन धावा मिळाल्या आणि जायंट्स ५-४ असे जिंकले! पुढे तीनांऐवजी एकच जादा सामना खेळविण्याची रीत पडली.

२०२२ साली बाद फेरीतील संघ १० वरून १२ झाले आणि जादा सामना बंद झाला. आता निवाडा होतो तो जुन्या हिशेबावरून. बरोबरीतील दोन संघ हंगामात एकमेकांशी जे सामने खेळले, त्यांत ज्याचे विजय अधिक, तो वरचा. तेही समान असतील, तर आपापल्या गटातील इतर संघांविरुद्धची कामगिरी पाहतात. या पद्धतीत १९५१ सारखा रोमहर्षक दिवस उगवणार नाही, ही उणीव खरीच. परंतु मे महिन्यातील साध्या सामन्यालाही तीमुळे वजन आले.

त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्स व अटलांटा ब्रेव्ह्ज यांनी प्रत्येकी १०१ सामने जिंकले. परस्परांतील १६ सामन्यांपर्यंत मेट्स ९-७ असे पुढे होते. हंगाम संपत असता अटलांटा येथे उरलेले तीन सामने झाले. त्यांतील एक जरी मेट्सने जिंकला असता, तरी गटाचे अग्रस्थान त्यांचेच होते. ब्रेव्ह्जने तिन्ही जिंकले. हिशेब १०-९ झाला. अग्रस्थानाबरोबर ब्रेव्ह्जना पहिली फेरी माफ झाली. मेट्सना ती खेळावी लागली आणि तीतच ते पराभूत झाले. ब्रेव्ह्जचे भाग्य तरी कितीसे टिकले? पुढच्याच फेरीत त्यांना फिलाडेल्फिया फिलीजने हरविले. तो संघ त्यांच्याच गटात केवळ ८७ विजयांनी तिसरा आला होता.