पश्चिमेचे हिवाळी सूर – लेखांक ५ : किलमोरचे सहा गायक

‘केल्टिक नाताळ-संगीत’ या नावाने ज्या ध्वनिमुद्रिका आज बाजारात मिळतात, त्यांत हार्पचा झंकार, बासरीचे लांबलचक स्वर आणि गुहेतून उमटल्यासारखा कृत्रिम प्रतिध्वनी यांची इतकी रेलचेल असते की, या गीतांतील मनात घर करून राहणारी हुरहूर ही केवळ वाद्यांची करामत असावी, असाच श्रोत्याचा ग्रह व्हावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जेथे ही परंपरा अखंड राहिली, तेथे वाद्य बहुधा नाहीच. मानवी कंठ, थोडासा प्रकाश आणि बराचसा इतिहास एवढीच तिची सामग्री आहे.

आयर्लंडच्या आग्नेय टोकास वेक्सफर्ड परगण्यात किलमोर नावाचे खेडे आहे. तेथील देवळात नाताळच्या दिवसांत सहा पुरुष गावयास उभे राहतात, तिघातिघांचे दोन गट करतात, आणि एका गटाने एक कडवे म्हणावे, दुसऱ्याने पुढचे उचलावे, अशा रीतीने ती प्रदीर्घ गीते संथ गतीने, साथीवाचून, शेवटास नेतात. आवाज कमावलेले नसतात; शेतात आणि समुद्रावर राबणाऱ्या माणसांचे ते आवाज. तरीही, किंबहुना म्हणूनच, एक गट थांबून दुसरा सुरू होण्यापूर्वीची ती क्षणभराची निःशब्दता कोणत्याही प्रतिध्वनियंत्रास साधणारी नाही.

या गीतांचा उगम सुखाच्या काळातला नव्हे. फर्न्स येथील कॅथलिक बिशप ल्यूक वॉडिंग यांनी आपल्या धार्मिक पद्यांचे एक लहानसे पुस्तक 1684 साली घेंट शहरी, म्हणजे इंग्रजी अमलाच्या हद्दीबाहेर, छापून घेतले. आणि त्यातील एक पद्य तर 1678 च्या नाताळचे आहे, ज्या वर्षी राजाविरुद्ध कट झाल्याच्या खोट्या आवईवरून कॅथलिक धर्मगुरूंवर हद्दपारीचे हुकूम सुटले होते. उत्सवाच्या दिवशी उत्सवच बंद पडल्याची ती नोंद, एखाद्या दफ्तरातील कैफियतीसारखी, पद्यात येऊन बसली आहे. पुढे 1697 च्या कायद्याने बिशपांना देश सोडण्याचे फर्मान निघाले, धर्माचरणावर नाना प्रकारचे निर्बंध लादले गेले, आणि अशाच निर्बंधांच्या काळात, 1728 साली, विल्यम डेव्हरू या धर्मगुरूंनी गीतांचा आणखी एक संग्रह सिद्ध केला. किलमोरचे गायक जी गीते म्हणतात, ती या दोन संग्रहांवर पोसलेली आहेत. वॉडिंग यांनी आपले शब्द त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या लौकिक चालींवर बेतले होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. छापखाना दूर आणि पाळत जवळ असताना, आधीच पाठ असलेली चाल हाच भक्तीचा सर्वांत सुरक्षित वाहक होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही गीते आयरिश भाषेत नसून इंग्रजीत आहेत, आणि डेव्हरू हे आडनाव 1169 नंतर याच किनाऱ्यावर उतरलेल्या नॉर्मन लोकांबरोबर आलेले आहे. ‘केल्टिक’ ही चिठ्ठी व्यापाऱ्यांनी मागाहून चिकटवली. संगीताने तिची कधीच मागणी केली नव्हती.

स्वररचनेकडे वळावयाचे तर, याच परगण्यातील एनिस्कॉर्थी गावच्या कॅथीड्रलचे ऑर्गनवादक विल्यम ग्रॅटन फ्लड यांनी टिपून घेतलेले, आणि 1928 च्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरोल्स’मुळे सर्वतोमुखी झालेले वेक्सफर्डचे कॅरोल घ्यावे. पाश्चात्य ज्याला मिक्सोलिडियन म्हणतात, त्या स्वरसप्तकाची छाया त्यावर आहे. आपल्या परिभाषेत खमाज थाट, म्हणजे गांधार शुद्ध आणि निषाद कोमल. गांधारामुळे आनंद टिकून राहतो, पण जो निषाद षड्जाकडे ओढ घेऊन समाप्तीची ग्वाही द्यावयाचा, तोच उतरलेला असल्यामुळे चाल मुक्कामी पोहोचूनही पुरती पोहोचल्यासारखी वाटत नाही. ज्याला आपण विषाद म्हणतो, तो बहुतांशी या अपुरेपणाचा परिणाम आहे.

वेल्समध्ये याच भावाला दुसरे कारण आहे. तेथील ‘प्लिगाइन’ ही उपासना पूर्वी नाताळच्या दिवशी पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान होत असे. लोक रात्रभर जागत, टॉफी शिजवीत आणि मेणबत्त्या घेऊन अंधारातून देवळाकडे जात. आजही माँटगोमरीशायरच्या खेड्यांत, बहुधा संध्याकाळी, ती चालते. गायकांची नावे कोणी पुकारीत नाही. एकेक कुटुंब किंवा चमू आपणहून पुढे येतो, स्वरकाट्यावर सूर धरतो, गातो आणि टाळ्यांवाचून जागेवर परततो. एकदा म्हटलेले गीत त्या रात्री पुन्हा म्हणावयाचे नाही, असा दंडक असल्यामुळे प्रत्येक चमूला पदरी भरपूर संग्रह बाळगावा लागतो. ह्यू मोरस यांच्यासारख्या सतराव्या शतकातील कवींनी या प्रथेसाठी गीते रचली. त्या परंपरेतील गीते गोठ्यातील बाळापाशी थांबत नाहीत. आदमच्या पतनापासून क्रुसापर्यंतची सारी हकीकत ती सांगतात, आणि जन्माच्या आनंदातच मृत्यू ऐकू येतो.

स्कॉटलंडची कथा थोडक्यात आटोपते. सुधारक पंथीयांच्या दबावाखाली तेथील पार्लमेंटने 1640 साली नाताळची सुट्टीच रद्दबातल केली. साहजिकच हिवाळ्याचा उत्सव वर्षअखेरीकडे सरकला. पश्चिमेच्या काही कॅथलिक बेटांवर मात्र मध्यरात्रीच्या प्रार्थनेत ‘टाला ख्रीस्ता’ हे गेलिक अंगाईगीत गायले जाते. नाताळला सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडमध्ये पुन्हा मिळाली ती 1958 साली.

ज्या वाचकांना हे संगीत प्रत्यक्ष ऐकावयाचे असेल, त्यांनी हार्पचे चित्र असलेल्या मुद्रिका बाजूला ठेवाव्यात आणि किलमोरच्या गायकांचे किंवा प्लिगाइनचे साथीविरहित मुद्रण मिळवावे. पहिली दोन कडवी रुक्ष वाटतील, तरी तिसऱ्यापर्यंत थांबावे. पुढील लेखांकात मॅन बेटावरील कार्वल-गीतांचा विचार करू.