अल्पाकाला लळा लावताना

टपोरे डोळे, लांब मान आणि कपाळावर लोकरीचा झुपका असं रूप लाभलेला प्राणी लाडासाठीच जन्मला आहे, असं कोणालाही वाटेल. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांवर अल्पाका हौसेने आणले जातात ते याच समजुतीने. त्यांच्या हालांचं मूळही बरेचदा तिथेच असतं. पेरूच्या अँडीज पर्वतातल्या पुना पठारावर, साधारण चार हजार मीटर उंचीवर, सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाने रानटी विकुन्यापासून अल्पाका घडवला. उघड्या माळावर प्यूमाच्या धाकात जगणाऱ्या विकुन्याला ना शिंगं ना नख्या. त्याचा आधार एकच, कळप. माणसाने लोकर बदलली, स्वभावाचा हा पाया मात्र फारसा बदलला नाही. म्हणून एकटा पाळलेला अल्पाका सुखी असू शकत नाही. निदान दोन-तीन सोबती हवेतच, आणि शेळी किंवा कुत्रा ही त्याची भरपाई नव्हे.

त्याच्या सवयी या नजरेने पाहिल्या की उलगडतात. सगळा कळप लेंड्या ठरावीक जागीच टाकतो, त्यामुळे चरायचं कुरण स्वच्छ राहतं. झाडं नसलेल्या पुनावर त्याच लेंड्या वाळवून चुलीत घालतात. थुंकण्याबद्दल तो उगाच बदनाम आहे. थुंकी बहुधा आपसातच उडते, चाऱ्यावरून किंवा मानपानावरून. गाभण मादी नराला जवळ येऊ देत नाही, थुंकून हाकलते; ती गाभण आहे की नाही हे पाळणारे यावरूनही ताडतात. (साडेअकरा महिन्यांच्या गर्भारपणात ही स्वस्त चाचणी सोयीची पडते.) तो बारीक हुंकार काढतो तेव्हा पाहुण्यांना वाटतं, स्वारी गुणगुणते आहे. बरेचदा ती अस्वस्थता असते किंवा सोबत्याला घातलेली साद.

लळ्याचं खरं संकट नर पिल्लावर येतं. आईपासून तोडून, बाटलीने दूध पाजून, रात्रंदिवस कुरवाळून वाढवलं की माणूस हाच आपला जातभाई, अशी त्याची समजूत होते. वयात आल्यावर इतर नरांशी करायच्या मारामाऱ्या मग तो माणसाशी करतो: छातीने ढकलतो, चावतो. पोरकं पिल्लू मरू द्यायचं का, असं कोणी विचारेल. अर्थातच नाही; दूध पाजावं आणि लगेच कळपात सोडावं. अँडीजमधली माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या यांच्यासोबतच राहतात, हा आक्षेपही खरा आहे. पण त्यांचं सहजीवन कळपाशी आहे, मांडीवरच्या एकट्या पिल्लाशी नाही. इस्पितळांत आणि शाळांत नेले जाणारे शांत अल्पाका दाखवून कोणी वाद घालेल, तर त्यांना मोरकीची सवय धीराने लावावी लागते, हे विसरू नये. शिवाय निश्चल उभं राहणं म्हणजे दरवेळी खुशी नसते. घाबरलेलं जनावरही थिजतं.

याचा अर्थ हातच लावू नये असा नाही. वर्षातून एकदा कातरणी, अधूनमधून नखं कापणं, हे चुकत नाही. दुबळं जनावर शिकाऱ्याच्या नजरेत भरतं, म्हणून अल्पाका दुखणं लपवतो, आणि दाट लोकर त्याची हडकुळी अंगकाठी झाकते. त्यामुळे जाणता पाळणारा डोळ्यांवर विसंबत नाही. शेवटच्या बरगडीमागे लोकरीत बोटं खुपसून तो कणा चाचपतो. दोन्ही बाजूंचं मांस खोलगट लागलं, तर दिसायला गुबगुबीत असलेलं ते जनावर बरेच दिवस खंगत असतं.